कड्यावरचा सायकलवाला

कात्री हे नाव तिला क्लबातल्या मुलांनी दिलं आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे घरचेही तिला त्याच नावाने हाक मारू लागले. शिवणकामाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. शर्टाला बटण लावायचं म्हटलं तरी ती आधी स्वतःचं बोट शिवून घ्यायची. तिची कात्री चालायची ती आकड्यांवर.

तेव्हा घरात वापरायचे संगणक नुकतेच आले होते. जाडजूड पुस्तकाएवढं यंत्र, त्यावर रबराची बटणं. त्याला स्वतःचा पडदा नसे, म्हणून ते घरातल्या टीव्हीला जोडायचं आणि टीव्ही अडकला म्हणून वडिलांची बोलणी खायची. प्रोग्रॅम गाण्याच्या कॅसेटवर साठवायचे आणि टेपरेकॉर्डर लावून यंत्राला पाजायचे. आणि मेमरी? हल्ली सकाळी सकाळी नातेवाईक मोबाईलवर गुलाबाचं फूल पाठवतात ना, त्या फुलाची एक पाकळीही त्यात मावली नसती. अशा यंत्राकडून शहाणी माणसं फार तर बेरीज-वजाबाकी करून घेत. पण शहाण्या माणसांनी जगात गंमत केलीय कधी?

शहरातल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी दुपारी या यंत्रांच्या वेड्यांचा क्लब भरायचा. तिथे डेमो दाखवायचे. डेमो म्हणजे काय, तर उपयोगाच्या दृष्टीने काहीच नाही. खेळ नाही, हिशेब नाही. दोन-तीन मिनिटं पडद्यावर काहीतरी देखणं हलायचं, बरोबर संगीत वाजायचं, आणि बघणाऱ्याने म्हणायचं, "छे, या डबड्यात हे शक्यच नाही." एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी मुलं आठवडेच्या आठवडे डोकं फोडत बसायची. कात्रीचं डोकं यात सगळ्यांपेक्षा बेरकी चालायचं. कुणाचाही प्रोग्रॅम द्या, ती त्यातला फापटपसारा छाटून तो निम्म्या जागेत बसवून द्यायची, आणि देताना असा चेहरा करायची की घेणाऱ्याला आपण आजवर किती उधळपट्टी केली याची लाजच वाटावी.

तिचा जोडीदार होता तिचा धाकटा भाऊ. त्याचं क्लबातलं नाव शिट्टी, कारण तोंडात घास नसेल तेव्हा तो शीळ घालत असायचा. चित्रं ती करायची, संगीत तो. यंत्राच्या पोटात नखाएवढा स्पीकर होता. त्याला दोनच गोष्टी कळत, टक आणि गप्प. त्या टक आणि गप्पमधून शिट्टी चाल काढायचा आणि ती ऐकून आईसुद्धा हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. कात्रीला मात्र त्यातलं ओ की ठो कळत नसे. सुरांच्या बाबतीत ती निव्वळ दगड होती. चाल संपली की ती विचारायची, "आकडे किती झाले?"

भांडण व्हायचं ते जागेवरून. दोघं लहानपणापासून एका खोलीत राहिले, तिथे कधी हद्द आखावी लागली नाही. पण यंत्राच्या मेमरीत दोघंही सख्खे भाऊबंद झाले. "तुझ्या चालीने सगळी जागा खाल्ली." "तुझ्या चित्राने तरी कुठे उपास केलाय?" असं जेवतानाही चालायचं, आणि वडील विचारायचे, "कुठली जागा? कुणी घेतली जागा?"

सगळ्यात मोठा डेमो करायला घेतला तेव्हा शिट्टीची चाल अशी काही उतरली की तिला हात लावायची कात्रीचीही हिंमत झाली नाही. पण मग चित्राला जागाच उरेना. आठवडाभर ती चरफडत फिरली. आणि एके दिवशी तिला सुचलं, की चाल म्हणजे यंत्राच्या लेखी शेवटी आकडेच. सूर उंच तर आकडा मोठा, सूर खाली तर आकडा लहान. मग तेच आकडे टेकड्यांची उंची म्हणून का वाचू नयेत? फलाटावर आपण ज्या ट्रंकेत कपडे भरतो तिच्यावरच बसतो, तसं. तिने पडद्यावर टेकड्यांची एक ओळ सोडली. सूर चढला की टेकडी चढायची, उतरला की उतरायची. त्यांच्यावरून जाणारा चार ठिपक्यांचा एक सायकलवाला केला. ज्या क्षणी जो सूर वाजेल, त्या क्षणी त्याच टेकडीवर तो असायचा.

"माझ्या चालीला हमाली करायला लावलीस," असं म्हणत शिट्टी बघायला बसला. चढावर सायकलवाला वाकला, माथ्यावर क्षणभर रेंगाळला आणि उतारावर सुटला. शिट्टी म्हणाला, "पुन्हा लाव."

एवढं सगळं झालं आणि शेवटाशी घोडं अडलं. क्लबाचा एक रिवाज होता. डेमोच्या अखेरीस पडद्याच्या तळाशी अक्षरांची एक पट्टी सरकत जायची आणि तिच्यात बाकीच्या वेड्यांना नावानिशी सलाम असायचा. ज्याने एखादी युक्ती शिकवली त्याला, ज्याने कॅसेट उसनी दिली त्याला, ज्याच्याशी चुरस होती त्याला तर आधी. सलामपट्टीशिवाय डेमो म्हणजे निरोप न घेता उठून जाणं. आणि त्यातही एक पोटनियम होता, की स्वतःच्या जोडीदाराला सलाम करायचा नाही. ते आपलीच पाठ आपण थोपटून घेण्यासारखं. तर आता पट्टी ठेवायची की चालीचा शेवट? दोन्ही मावेनात. शिट्टी शेवटासाठी हटून बसला, कात्री रिवाजासाठी. अखेर थोरलीचं चाललं. कात्रीने चालीचा शेवट कापला.

त्यामुळे झालं असं, की सायकलवाला मोठ्या दिमाखात शेवटच्या टेकडीवर चढायचा आणि पुढे सूर नाहीत म्हणून रस्ताच नाही. टेकडीचा कडा व्हायचा. त्या कड्यावर तो एक पाय टेकून उभा राहायचा आणि त्याच्या पायाखालून सलाम सरकत जायचे. क्लबात लोकांना तो कडा मुद्दामच केलेला वाटला. टाळ्या पडल्या. शिट्टीला त्या टाळ्याच जास्त लागल्या. घरी येताना तो म्हणाला, "माझा माणूस कड्यावर ठेवून तू लोकांना सलाम ठोकलेस."

"पुढच्या यंत्रात करू की पुरा," ती म्हणाली.

पुढची यंत्रं आली. त्यांच्यात जागाच जागा होती, आणि ती आली तशी करण्यातली मजाच निघून गेली. क्लब बंद पडला. कात्री कानाची यंत्रं विकणाऱ्या दुकानात लागली. लोकांचं ऐकणं मोजायचं, प्रत्येकाच्या कानाला बेतून यंत्र बसवायचं, हे काम तिला मानवलं. शिट्टीने घराच्या पुढच्या खोलीत वाद्यं दुरुस्त करायचं छोटं दुकान काढलं. अ‍ॅकॉर्डियन, गिटार, जुने पियानो. त्याचं लग्न झालं, वहिनी आली. पण सायकलवाला काही सुटला नाही. तिचा वाढदिवस असो की आईचं आजारपण, निघताना शिट्टी दारातून म्हणायचाच, "तो अजून तिथेच उभा आहे बरं का." आणि ती म्हणायची, "असू दे. हवा खातोय."

गेल्या वर्षी शिट्टीला मेंदूज्वर झाला. तो वाचला, पण त्याचे दोन्ही कान गेले.

कात्रीने त्याला ती काम करायची त्या दुकानात नेऊन तपासलं. तिथे काचेची एक बंद खोली असते. माणसाने आत बसायचं, कानावर हेडफोन, हातात एक बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. तिने बाहेरून बारीक आवाजापासून सुरुवात केली. मग वाढवला. मग आणखी. शेवटी यंत्राची मूठ पुढे सरकायची थांबली. एवढ्या आवाजाने दुसरा कुणी हेडफोन फेकून पळाला असता. शिट्टीचा अंगठा बटणावर तसाच होता आणि तो काचेतून तिच्याकडे बघत होता, ही सुरू कधी करणार म्हणून. उभ्या शहराच्या कानात यंत्रं बसवली आणि सख्ख्या भावाला द्यायला आपल्याकडे एकही नाही, हे तिला तिथेच कळलं. मोठ्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची आशाही ठेवली नाही. कानाच्या आतली वाटच हाड होऊन बुजली होती.

सुरुवातीला तो बोलायचा. पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने किती मोठ्याने बोलतोय ते त्याला कळायचं नाही. एकदा त्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाने दचकून ओठांवर बोट ठेवलं आणि हातानेच "हळू, हळू" अशी खूण केली. गिऱ्हाईक बिचारं भलं होतं, त्याच्या मनात काही नव्हतं. पण त्या दिवसापासून शिट्टीचं बोलणंच बंद झालं. काय हवं-नको ते कागदावर लिहायचा. कात्रीने सूर लावायची एक सुईची डबी आणून दिली. सूर बरोबर लागला की तिची सुई मधोमध येते, कानाचं काम नाही. त्याने चिठ्ठीवर लिहिलं, "सुई बघून सूर लावणं म्हणजे जेवणाचा फोटो बघून ढेकर देणं." आणि डबी काउंटरच्या खणात भिरकावली. त्याचा विनोद अजून शाबूत आहे एवढंच समाधान तिने घरी नेलं.

मग वहिनीचा फोन आला. "ताई, हे दुकान विकतो म्हणतायत. माणूसही ठरवलाय. तो उद्या येऊन बघून जाणार. मी विकू नका म्हणाले तर नुसते भिंतीकडे तोंड करून बसले. दुकानाचं नाही हो मला काही. पण ते गेलं तर हे त्या मागच्या खोलीतून कशासाठी उठतील?"

कात्री सुट्टी टाकून गेली. शिट्टी मागच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. तिच्याकडे बघून त्याने मान हलवली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला. ती समोर उभी राहून पुष्कळ बोलली, लिहूनही दाखवलं. त्याने कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मग ती वहिनीला दुकानाचा माळा आवरायला मदत करू लागली. तिथे जुन्या तारांच्या आणि मोडक्या पट्ट्यांच्या मागे एक खोका निघाला. आत रबरी बटणांचं यंत्र, त्याचा टेपरेकॉर्डर आणि ती कॅसेट.

"हे तुमचंच भंगार ना?" वहिनी म्हणाली. "घेऊन जा बाई, नाहीतर उद्याच्या माणसाबरोबर जाईल."

जुना टीव्ही दुकानातच एका कोपऱ्यात होता. चालतंय का तेवढं बघावं म्हणून कात्रीने तारा जोडल्या. टेपरेकॉर्डरच्या आवाजाच्या चकतीवर त्यांनी तेव्हा नखाने केलेली खूण अजून होती. जरा इकडे-तिकडे झालं की यंत्राला कॅसेट पचायची नाही. तिने चकती खुणेवर आणली आणि बटण दाबलं. कॅसेटमधून प्रोग्रॅमची ती जुनी कर्कश किंचाळी सुरू झाली, आणि दार उघडं आहे, आत भाऊ बसलाय, त्याला त्रास नको, म्हणून तिचा हात झटकन आवाज कमी करायला गेला. मग तो हात तसाच चकतीवर राहिला. वहिनी पाठमोरी होती म्हणून बरं.

कॅसेट संपली आणि यंत्राने कळवलं की वाचण्यात चूक आहे. इतक्या वर्षांत फितीवरचा एखादा आकडा पुसट झाला असणार. कुठला, ते यंत्र सांगत नाही. शहाण्याने इथे नाद सोडावा. पण क्लबातली माणसं अशा वेळी चूक पोटात घालून प्रोग्रॅम तसाच पळवायची. याला ते डोळे मिटून उडी म्हणायचे. बहुतेकदा यंत्र आडवं पडायचं. कात्रीने उडी मारली.

पडदा काळा झाला. टेकड्या उगवल्या. डावीकडून सायकलवाला आला.

ती बघत राहिली, आणि दारात शिट्टी येऊन उभा आहे हे तिच्या लक्षात आलं तेव्हा चाल अर्ध्यावर आली होती. बहिऱ्या माणसापुढे त्याचीच चाल लावून बसणं, याहून दुष्टपणा काय असेल? ती यंत्र बंद करायला धावली. शिट्टीने पुढे होऊन तिचं मनगट धरलं आणि टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घातली.

सायकलवाला कड्यावर थांबला, सलाम सरकून गेले, आणि डेमो आपोआप पुन्हा सुरू झाला. शिट्टीची नजर सायकलवरून हलत नव्हती. चढावर त्याची हनुवटी किंचित वर व्हायची, उतारावर खाली यायची. आणि मधेच तो पुढे झुकला आणि काचेवर बोट ठेवून केवढ्यांदा तरी म्हणाला, "ही टेकडी चुकलीय!"

वहिनीच्या हातून तारांचं भेंडोळं खाली पडलं.

कात्रीला ऐकून काहीसुद्धा खटकलं नव्हतं. तिचे दोन्ही कान धडधाकट होते, तिचं पोटच कानांवर चालायचं, आणि तिला कळलं नव्हतं. आणि याला नुसतं बघून कळलं. तिने प्रोग्रॅम थांबवला, तो आकडा शोधला, कमी केला. शिट्टी तळहाताने खूण करत होता, खाली, अजून खाली, बास. पुन्हा लावलं. ती टेकडी शेजारणींच्या रांगेत नीट बसली. त्याने डोळे मिटून घेतले आणि पुन्हा उघडले.

सायकलवाला कड्यावर आला. शिट्टीने तिच्याकडे बघितलं. "अजून तिथेच आहे," तो म्हणाला.

तिला हसूही आलं आणि रडूही. ती त्याच्यासमोर बसली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "शेवट आठवतोय?"

"आठवायचाय कशाला? कानात काही नाही, पण डोक्यात बंद कुठे होतंय? दिवसभर तेच चालू असतं." आणि त्याने कड्यापासून पुढे काचेवर बोटाने रेघ ओढली. आधी थोडी खाली, मग एक लहानशी चढण, मग लांब, संथ उतार. ती आकडे घालत गेली, तो बघून दुरुस्त करत गेला. तिला सूर कळत नव्हते आणि त्याला ऐकू येत नव्हतं, पण टेकडी दोघांनाही दिसत होती. आणि उतार अर्ध्यावर आला असताना यंत्राने हात वर केले. जागा संपली.

अर्थात संपली. यंत्र तेच होतं, ते थोडंच मोठं झालं होतं? कात्रीने सलामपट्टी उघडली. क्लबातलं एकेक टोपणनाव समोर आलं. कॅसेट उसनी देणारा डबा. युक्त्या शिकवणारा मास्तर, तो आता हयात नव्हता. ज्यांच्याशी चुरस होती ते जुळे भाऊ, ते कुठे असतात कोण जाणे. ज्या नावांसाठी ती तेव्हा हटून बसली होती ती सगळी. तिने मास्तरच्या नावाशी क्षणभर थांबून ते पुसलं.

"अगं, सलाम?" शिट्टीने विचारलं.

"इतकी वर्षं दिलेच की," ती म्हणाली, आणि बाकीचीही पुसली. मग उतार पुरा केला आणि उरलेल्या जागेकडे बघून, त्याला दिसू नये असा खांदा आड करून, पट्टीत काहीतरी भरलं.

डेमो सुरू झाला. सायकलवाला टेकड्यांमागून टेकड्या चढला, उतरला, कड्याशी आला. तिथे तो नेहमीप्रमाणे थांबेल असं कात्रीला क्षणभर वाटलं. तो थांबला नाही. पलीकडे रस्ता होता. तो उतरू लागला, आणि त्याच्याबरोबर शिट्टीच्या ओठांतून शीळ निघाली. मेंदूज्वरानंतर पहिल्यांदा.

वहिनीने कात्रीचा दंड घट्ट धरला. "बरोबर आहे का हो ताई? सुरात आहेत का?"

"मला काय विचारतेस? मी दगड," कात्री म्हणाली. तिला नीट दिसतही नव्हतं.

सायकलवाला सपाटीवर आला आणि पडद्याबाहेर निघून गेला. तळाशी पट्टी सरकली. तिच्यात एकच नाव होतं, शिट्टी.

त्याने ते वाचलं. पट्टी दुसऱ्यांदा आली तेव्हा त्याने त्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "आपल्या जोडीदाराला सलाम करायचा नसतो."

तिने तोंड पूर्ण त्याच्याकडे वळवलं आणि त्याला वाचता येईल असं सावकाश म्हटलं, "जागा उरली होती."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला, काउंटरपाशी गेला, खण ओढून आतलं सगळं उलटंपालटं करू लागला. "ताई, ती सुईची डबी मी इथेच फेकली होती ना?" हे त्याने इतक्या मोठ्याने विचारलं की रस्त्यावरून जाणारा एक माणूस थबकून आत बघू लागला. शिट्टीला हळू बोल असं कुणीही म्हटलं नाही.